अकरावी गिनी

त्रेसष्ट सालच्या जानेवारीत सोन्याचा कायदा आला आणि लोहाऱ्याच्या बंडप्पा पोतदाराची ऐरण गप्प झाली. चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती. सरकारनं हुकूम काढला, की चौदा कॅरटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही. घरात दागिन्यावेगळं सोनं असेल, म्हणजे लगड, बिस्किट किंवा नाणं, तर ते फॉर्मावर लिहून द्यायचं. आता लोहाऱ्याच्या बाया चौदा कॅरटचं मंगळसूत्र कशाला घालतील? तांब्याचा डाग दिसला तरी तोंड फिरवणाऱ्या त्या. गिऱ्हाईक बंद झालं. बंडप्पा रोज सकाळी दुकान झाडायचा, शेगडीतली कालचीच थंड राख खालीवर करायचा आणि पंचावन्न वर्षांचे आपले हात मांडीवर ठेवून रस्त्याकडं बघत बसायचा.

पण त्याला एक वेगळंच काम लागलं. ज्यांच्या घरात गिन्या होत्या, ते फॉर्म घेऊन त्याच्याकडं येऊ लागले. कुणी लग्नातली एक, कुणी आजीची दोन. वजन किती, साल कुठलं, खरी की खोटी, हे सांगणारा गावात दुसरा कोण होता? बंडप्पाचा बाप रेवप्पा गिनीचा मोठा पारखी. त्यानं पोराला लहानपणीच घोकून घेतलं होतं, "गिनी म्हंजी आठ मासं पावणेदोन गुंजा. बाराला अकरा वाटं सोनं, एक वाटा तांबं. गुंज कमी भरली तर झिजली म्हनावं, दोन गुंजा कमी भरली तर इचारावं, आन जास्त भरली तर उठून जावं."

रमजानचा महिना होता. एका सकाळी मणियारांची ताहेराबी आपल्या लेकाला, हैदरला, घेऊन दुकानाची पायरी चढली. ताहेराबी पन्नाशीची, उंच, अंगावर पांढरी चादर. तिचा नवरा चाँदपाशा बांगड्यांचा व्यापार करायचा. गावोगाव फिरून त्यानं या मुलखातल्या दोन पिढ्यांचे हात भरले होते. दोन वर्षांपूर्वी तो अल्लाघरी गेला. बंडप्पा त्याला थोरला भाऊ मानायचा, म्हणून ताहेराबी त्याची भाबी. हैदर उमरग्याच्या शाळेत मास्तर होता, नाकावर चष्मा, खिशाला पेन.

आतून बंडप्पाची बायको नागम्मा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच थबकली. "अग्गं बया, तुमचा रोजा न्हाय का? इसरलेच म्या."

"असू द्या नागम्माबाई, बसा तुमी बी," म्हणत ताहेराबीनं चादरीतून एक रेशमी बटवा काढला आणि बंडप्पापुढं ठेवला.

बटवा बंडप्पानं लगेच ओळखला.

आत काय आहे हे त्याला न उघडताच ठाऊक होतं. अकरा गिन्यांचा हार. ताहेराबीचा सासरा बाबामियाँ पहिल्या जर्मन लढाईत खेचरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता. तिथून येताना त्यानं पट्ट्यात शिवून या गिन्या आणल्या. पुढं चाँदपाशाचा निकाह झाला तेव्हा ताहेराबीच्या मेहेरात त्याच लिहिल्या. मेहेर म्हणजे बाईची स्वतःची दौलत. नवऱ्यानंही तिच्या मर्जीवाचून हात लावायचा नाही. बाबामियाँनं गिन्यांना डाक, म्हणजे आगीवर वितळवून द्यायचा सांधा, लावू दिला नव्हता, नाण्याला आग लागली की नाणं बाटतं असं त्याचं म्हणणं. म्हणून प्रत्येक गिनी सोन्याच्या पातळ पट्टीच्या घरात बसवलेली, कडी त्या घराला, आणि सगळ्या काळ्या रेशमात ओवलेल्या.

"काका, कायद्यात नाणं लिहायचंय," हैदर म्हणाला. "हारात ओवलं म्हणजे दागिना होतो का नाणंच राहतं, हे शाळेत कुणालाच सांगता येईना. उगाच लपवल्यासारखं नको. लिहून देऊ. परवा बुधवारी उमरग्याहून एक्साइजचे इन्स्पेक्टर चावडीत बसणार आहेत. तुम्ही वजन आणि सालं काढून द्या."

बंडप्पानं मान हलवली. दुसरं करणार काय? त्यानं तराजू मांडला, भिंग काढलं, आणि एकेक गिनी घरातून सोडवू लागला.

हैदर मास्तरच, त्याला गप्प बसवेना. भिंग डोळ्याला लावून तो वाचू लागला. "ही राणी व्हिक्टोरिया, म्हातारपणची, डोक्यावर पदर. हा दाढीवाला एडवर्ड. हा पाचवा जॉर्ज. आई, हे बघ, लोक गिनी म्हणतात, पण इंग्रजीत हिचं नाव सॉव्हरिन. खरी गिनी हिच्या आधीची, ती कधीच बंद झाली. नाव तेवढं आपल्याकडं राहिलं."

"नावात काय हाय," ताहेराबी म्हणाली. "सोनं तेच न्हवं?"

"आणि मागं घोड्यावरचा हा संत जॉर्ज. नागासारख्या जनावराला मारतोय. काका, घोड्याच्या खुराखाली बारीक अक्षर आहे, बघितलंत? इथं एम. म्हणजे मेलबर्न, ऑस्ट्रेलियात पाडलेली. हिच्यावर एस, सिडनी. आणि ही... आय! एकोणीसशे अठरा. आय म्हणजे इंडिया. ही मुंबईच्या टांकसाळीतली. तिथं एवढं एकच साल गिनी पाडली म्हणतात. बाबामियाँ दादा बसऱ्याहून मुंबईला उतरले, तेव्हा मिळाली असेल."

बंडप्पा सगळं ऐकत होता आणि ऐकत नव्हता. त्यानं हार उलटा धरला होता. शेवटून तिसरी गिनी हाताखाली राहील असं तो बघत होता.

"आणि सालाशेजारी कोपऱ्यात दोन अक्षरं असतात, बी आणि पी," हैदर म्हणाला. "ज्यानं पहिला ठसा कोरला त्याच्या नावाची. दीडशे वर्षं होत आली, अजून त्या कारागिराचं नाव राजाबरोबर फिरतंय. सगळ्यांवर आहे बघा. हिच्यावर आहे, हिच्यावर आहे..."

आठ गिन्या झाल्या. तेवढ्यात बाहेर उमरग्याच्या एस.टी.चा हॉर्न वाजला. हैदरला शाळा गाठायची होती. "काका, उरलेल्या तीन तुम्ही बघा. परवा मी रजा काढून येतो," असं म्हणत तो पायजमा सावरत पळाला.

 नागम्मा आत गेली होती. बंडप्पानं भिंग खाली ठेवलं. कपाळाचा घाम पुसला. फेब्रुवारीच्या सकाळी घाम येण्यासारखं ऊन नव्हतं.

"भाबी," तो म्हणाला, "म्या तुमचा गुन्हेगार हाय."

त्यानं राहिलेल्या तीन गिन्यांकडं बोट केलं.

"यातली एक गिनी राजाची न्हाय. ती म्या पाडलीय. ह्या हातांनी. तीस-एकतीस वर्सं झाली. सोनं खोटं न्हाय, भाबी. कस बावीसच, वजन गुंजभर बी कमी न्हाय. पन नाणं खोटं हाय. आन परवाच्याला ते सायबाच्या भिंगाखाली जाणार."

मग त्यानं सगळं सांगितलं.

बंडप्पा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. एका दुपारी चाँदपाशा दुकानात आला. तोंड उतरलेलं, पायजमा गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेला. बायकोच्या हाराचं रेशीम विरलं म्हणून नवीन ओवून आणायला तो सास्तूरच्या पटवेकऱ्याकडं निघाला होता. हार कमरेच्या फडक्यात बांधलेला. पटवेकऱ्यानं हार उकलून गिन्या मोजल्या, तर दहाच. चाँदपाशाच्या पायाखालची जमीन सरकली. येताना फडकं सैल झालं असणार, रेशीम तुटून एक गळून पडली असणार. त्यानं लोहारा ते सास्तूर तो रस्ता दोन दिवस गुडघ्यावर बसून चाळला. गाडीच्या चाकोरीतली माती मुठीनं पाखडली. गिनी काही मिळाली नाही. घरी सांगितलं, की पटवेकऱ्याला ताप आलाय, हार थोडे दिवस त्याच्याकडंच आहे.

"'बंडू,' मला म्हनला, 'बायकूच्या मेहेरची चीज माझ्या हातनं गेली. बाजारात धुंडली, तर गिनी कुठं मिळंना. म्या सोनं आनून देतो, तू गिनी कर.' म्या म्हनलं, भाऊ, राजाचं नाणं पाडलं तर काळ्या पाण्याला जाऊ आपुन. तर म्हनला, 'इकायची न्हाय, मोडायची न्हाय, कुनाला फसवायचं न्हाय. तिनं मोजल्या तर अकरा भराव्या, एवढंच.' आन डोळ्याला पानी आलं त्याच्या, भाबी. एवढा बाप्या मानूस."

दोन दिवसांनी चाँदपाशानं सोनं आणलं. बंडप्पानं आधी मातीच्या साच्यात ओतून बघितली. पण ओतीव गिनी आटून कणभर लहान झाली, अंगावर देवीचे वण आल्यागत खड्डे. मग त्यानं ठसा कोरायचं ठरवलं. बाप बाजाराला गेला की दार लोटून, हारातली एक गिनी समोर ठेवून तो बसायचा. एका बाजूला राजाचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला स्वार. सगळं उलटं कोरायचं. इंग्रजीचं एक अक्षर ओळखीचं नाही, नुसत्या रेघांच्या मागं रेघा. वीस दिवस लागले. कडेचे दाते कानशीनं एकेक पाडले.

"पुढं माझी पोरं इंग्रजी शिकली तवा कळलं, एक अक्षर म्या उलटंच काढलंय. आन ती बी-पी. आज हैदरनं सांगितलं तवा कळलं, ते कारागिराचं नाव व्हतं. मला वाटलं नाण्याला चरा पडलाय. म्हून सोडून दिलं."

ताहेराबीनं पदरानं तोंड झाकलं. तिचे खांदे हलत होते. रडते आहे असं वाटून बंडप्पानं मान खाली घातली. पण पदर बाजूला झाला तेव्हा ती हसत होती.

"बंडप्पा, अक्षराचं मला काय कळतंय? मला वाचायला येत न्हाय. पन त्या स्वाराला मिशी कुणी काढली हो?"

बंडप्पा थक्क झाला. "तुमाला म्हायती हाय?"

"तीस वर्सं माझ्या गळ्यात हाय ती. हार घरी आला त्याच दिशी कळलं. बाकीच्या धा गिन्यांत तो गोरा उघडा बसलाय, डोस्क्यावर टोपडं. आन ह्यो आपला अणदूरचा खंडोबा! फेटा काय, मिशी काय, घोड्यावर खोगीर काय. आन खाली ते जनावर तर चक्क घोरपड हाय."

बंडप्पाचे कान लाल झाले. खरं होतं ते. त्या वयापर्यंत त्यानं घोडेस्वार कोरला होता तो एकच, लोकांच्या देवघरातल्या टाकांवरचा खंडोबा. बाजरीच्या दाण्याएवढा चेहरा कोरताना हातानं आपली जुनीच वाट धरली. आणि ते इंग्रजी जनावर जन्मात कुणी बघितलं होतं?

"मग भाबी, तुमी बोललात का न्हाय कवा?"

ताहेराबीचं हसू हळूहळू विझलं. तिनं दाराकडं बघितलं, नागम्मा आतच होती.

"काय बोलू? गिनी त्यांच्या हातनं पडलीच नव्हती. म्याच काढली व्हती."

ताहेराबीनं आवाज खाली आणला.

"माझी धाकटी भन सकिना, बेंबळीला दिलेली. तिच्या मालकाचं आन ह्यांचं भांडान झालेलं. एकमेकाचं नाव घेत नव्हते. सकिनाला दिवस गेलेले, आन पोर आडवं. हकीम म्हनला, सोलापूरला डाक्टरनीकडं न्या, न्हायतर दोन्ही जातील. तिच्या घरात कवडी न्हाय. तिच्या सासूनं गुपचूप मानूस धाडला माझ्याकडं. हे गावाला गेलेले. म्या रेशीम तोडलं, एक गिनी काढली, मोकळ्या जागी दोरा आवळून टाकला आन दिली धाडून. माझीच व्हती, माझ्या मेहेरची. पन ह्यांना कसं सांगू? भांडान झालेल्या घरी दिली म्हनून. म्हनलं, भांडान मिटलं की सांगू. आन मधीच ह्यांनी हार ओवायला नेला."

"आन दहाच निघाल्या," बंडप्पा पुटपुटला.

"म्या रोज वाट बघायची, आता इचारतील, आता इचारतील. हे कायच बोलंनात. तोंड काळं पडलेलं. मला वाटलं राग गिळतायत. आन एक दिस हार आणून माझ्या हातात दिला. मोजल्या तर अकरा! पहिल्यांदा मला वाटलं, अल्लानं करणी केली. मग मिशी दिसली." तिनं चादर सावरली. "आन त्याच संध्याकाळी दिसलं, की दारात तट्टू न्हाय. म्हनले लंगडायला लागलं, इकून टाकलं. धडधाकट जनावर, बंडप्पा. बांगड्यांचं सगळं वझं त्याच्या पाठीवर असायचं. त्या दिसापासनं नऊ वर्सं हे बांगड्यांच्या माळा खांद्याला लावून पायी फिरले. सास्तूर, बेंबळी, पार नळदुर्गापतुर. संध्याकाळी त्यांच्या खांद्याला तेल लावताना मला वाटायचं, आज सांगू. उद्या सांगू. सांगितलं आसतं तर तट्टू परत आलं आसतं का? उलट म्हनले आसते, उगाच गेलं. मग जीभच उचलंना. पुढं भांडान बी मिटलं, दुसरं तट्टू बी आलं, तरी न्हाय सांगितलं. आता कुणाला सांगू?"

 बंडप्पा सोनार माणूस. तुटलेलं जोडायचं म्हटलं तर त्याला डाक ठाऊक, फुंकणी ठाऊक. यातलं काहीच इथं उपयोगाचं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "भाबी, एक सांगू? गिनी न्यायला आला तवा चाँदभाऊ काय म्हनला? हातावर घिऊन लई येळ बघत बसला. म्या म्हनलं, भाऊ, चूक असंल तर सांग, फिरून करतो. तर म्हनला, 'न्हाय रे. हिच्यापायी तट्टू काय, म्या बी लगाम घालून घेतला आसता. तिच्या हातात अकरा पडल्या की माझी झोप मला परत मिळंल.' तुमची चीज हरवली याचं त्याला दुख नव्हतं तेवढं. तुमी त्याला बोलणार न्हाय, आतल्या आत झुराल, याचं भ्या व्हतं."

ताहेराबीनं डोळे मिटले. गालावरून दोन ओघळ हनुवटीपर्यंत आले ते तिनं पुसलेही नाहीत. ती म्हणाली, "असं म्हनले?"

"ह्याच जागी बसून."

तिनं ती गिनी उचलली आणि मुठीत घट्ट धरली.

आता प्रश्न बुधवारचा होता. बंडप्पा म्हणाला, "भाबी, ही म्या आटवून टाकतो. गोळी करून देतो." आणि बोलता बोलताच त्याच्या ध्यानात आलं, की आटवली तर ती लगड होणार, म्हणजे तीही लिहूनच द्यावी लागणार. आणि बावीस कसाचं काही नवीन घडवायला तर बंदीच. आपलंच खोटं नाणं आपल्याला मोडताही येत नाही, अशी गत.

"आटवायची न्हाय," ताहेराबी ठामपणे म्हणाली. "आन लपवायची बी न्हाय. लपवून लपवून म्या म्हातारी झाले. जे हाय ते सायबाला सांगू. तुमाला तरास व्हनार आसंल तर म्या सांगते, म्याच करून घेतली म्हनून."

"नगं, भाबी. केली म्या, सांगणार बी म्याच," बंडप्पा म्हणाला.

बुधवारी चावडीत गर्दी होती. गोपाळकृष्ण नावाचे इन्स्पेक्टर मधे टेबल टाकून बसले होते. चाळिशीचे, कोरड्या चेहऱ्याचे, मोजकं बोलणारे. हैदर आला होता. त्याला आईनं आदल्या संध्याकाळी, रोजा सोडल्यावर, सगळं सांगितलं होतं.  आपला बाप पायी का फिरायचा हे विचारावं, असं त्याला लहानपणी कधी सुचलं नव्हतं, आणि आता विचारायला बाप नव्हता.

त्यांची पाळी आली. बंडप्पानं बटवा टेबलावर ठेवला आणि हात जोडले. "साहेब, दहा गिन्या हायत. आन ही अकरावी. ही गिनी न्हाय. म्या केलेली हाय."

 इन्स्पेक्टरांनी मान वर केली. "तुम्ही केलेली म्हणजे?"

बंडप्पानं सांगितलं. चाँदपाशाच्या घरातलं जे सांगायचं नव्हतं ते सोडून, बाकी सगळं. नाणं हरवलं होतं, मेहेरचं होतं, बदली केलं. इन्स्पेक्टरांनी आपल्या तराजूत आधी एक खरी गिनी तोलली, मग ती तोलली. काटा जिथल्या तिथं. कसोटीच्या दगडावर रेघ ओढली, आम्ल लावलं. रेघ उडाली नाही. मग भिंग घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. राजाचं मुंडकं, अक्षरं, मग स्वार. भिंगाआड त्यांची भुवई हलली.

"अशी आणखी किती पाडलीत?"

"एवढीच, साहेब. लेकराची आण."

"ठसा कुठं आहे?"

बंडप्पाला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. ठसा तीस वर्षं त्याच्या पेटीच्या तळाशी फडक्यात होता. मोडायचा म्हणून कितीदा बाहेर काढला आणि परत ठेवला. एवढं बारीक काम पुन्हा त्याच्या हातून झालं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. पण तो म्हणाला, "घरी हाय."

"घेऊन या. छिन्नी-हातोडाही आणा."

बंडप्पा घरी गेला, पेटी उपसली. नागम्मानं विचारलं, काय हे? तो म्हणाला, आल्यावर सांगतो. चावडीच्या ओट्यावर त्यानं दोन्ही ठसे ठेवले. इन्स्पेक्टर बाहेर आले. "माझ्यासमोर मोडा."

पहिला घाव राजाच्या मुंडक्यावर बसला. तो सोपा होता. दुसरा ठसा समोर आला तेव्हा बंडप्पाचा हात वर जाऊन थांबला. उलटा घोडा, उलटा फेटा, उलटी मिशी. लोक बघत होते. ताहेराबी ओट्याच्या कडेला उभी होती. त्यानं छिन्नी घोड्याच्या छातीवर धरली आणि घाव घातला. एक, दोन, तीन. मग छिन्नी आडवी धरून पुन्हा तीन. चेहरा ओळखू येईनासा झाला तेव्हा तो थांबला आणि ठसे इन्स्पेक्टरांच्या हातात दिले.

इन्स्पेक्टर आत जाऊन बसले. फॉर्मावर त्यांनी लिहिलं: सोन्याची नाणी, नग दहा. मग पेन थांबलं. "अकराव्याचं काय लिहायचं? नाणं म्हणावं तर कुठल्या राज्याचं? इंग्रज राजाचं राज्य जाऊन पंधरा वर्षं झाली, आणि हा स्वार काही त्याच्या दरबारातला दिसत नाही." बोलताना त्यांचा चेहरा तसाच कोरडा होता. "नाणं म्हणून हे कधी खर्चलेलं नाही. गळ्यात घातलेलं आहे. मी याला पदक समजतो. घोडेस्वाराची छाप असलेलं पदक, दागिना. बाई, हे विकायला काढलंत तर गिनी म्हणून विकायचं नाही. कळलं?"

"म्या इकतच न्हाय," ताहेराबी म्हणाली.

त्यांनी शिक्का मारला. बंडप्पा वळला, तेव्हा इन्स्पेक्टर मागून हळू आवाजात म्हणाले, "पोतदार, हे भिंग आणि तराजू मी बारा वर्षं वापरतोय. नुसत्या डोळ्यांनी मला ओळखू आलं नसतं." आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बंडप्पा ओट्यावरून उतरला, तेव्हा हैदरनं त्याची हत्यारांची पिशवी आपल्या हातात घेतली आणि दुकानापर्यंत पोचवली. त्या रात्री बंडप्पानं नागम्माला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तीस वर्सं माझ्यापासनं लपवलं?" आणि दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना तिनंच विचारलं, "खरंच घोरपड काढली व्हती का हो?"

ईद झाली आणि ताहेराबी एस.टी.त बसून बेंबळीला गेली. सकिना आता दुखण्यानं खाट धरून होती. ताहेराबीनं तिला आणि तिच्या लेकीला, फातिमाबीला, शेजारी बसवून पहिल्यांदाच ती गोष्ट सांगितली. सोलापूरच्या डॉक्टरणीनं वाचवलेलं आडवं पोर म्हणजे हीच फातिमा, आता तीन लेकरांची आई. सकिना ऐकून खूप रडली. गिनी कुठून आली एवढं तिला ठाऊक होतं. तिच्यापायी तट्टू गेलं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

वर्ष सरायच्या आत कायदा थोडा सैल झाला. जुना दागिना मोडून त्याच सोन्याचा नवा करायची मुभा मिळाली, आणि बंडप्पाच्या शेगडीत पुन्हा कोळसे पडले. एका बाजाराच्या दिवशी ताहेराबी आणि फातिमा दोघी दुकानात आल्या. ताहेराबीनं अकरावी गिनी हारातून सोडवून आणली होती.

"हिच्या गळ्यात घालायची," ती म्हणाली. "रेशीम नगं, चांगली साखळी करा. माझ्या ह्या पाटल्या हायत, त्या मोडा."

फातिमानं गिनी हातावर घेतली, उजेडाकडं धरली आणि निरखून बघू लागली. "खाला, ह्याला खरंच मिशी हाय की!"

"काकांना इचार," ताहेराबी म्हणाली.

 बंडप्पानं पाटल्या तराजूत टाकल्या, वजन सांगितलं, आणि साखळीची कडी किती जाड हवी ते फातिमाला विचारायला लागला.